एका स्क्रीनवर चार विंडो : मॅक घ्यावा की आहे त्यातच भागेल?

भाषांतरवाली : मंडळी, घरून भाषांतराची कामं करते. १४ इंची लॅपटॉप, विंडोज ११, रॅम ८ जीबी. मूळ पीडीएफ, वर्ड, ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि क्लायंटचं व्हॉट्सॲप. दिवसभर नुसतं ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब. त्यात मशीनही रखडतं. नवरा म्हणतो, मॅक घे. काय करू?

खटपट्या : एवढ्यासाठी मॅक म्हणजे मिसळ आवडली म्हणून हॉटेलच विकत घेण्यातला प्रकार. विंडो काठाला ओढून अर्ध्या स्क्रीनवर बसवायची सोय विंडोज ७ मध्ये, २००९ पासून आहे. मॅकमध्ये तशी ओढून बसवायची सोय आली २०२४ च्या सिकोया या मॅकओएस आवृत्तीत!

पीडीएफवर क्लिक करून विंडोज की + डावा बाण दाबा. उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या विंडो छोट्या दिसतील, त्यातून वर्ड निवडा. मग विंडोज की + कंट्रोल + डी दाबून नवा डेस्कटॉप उघडा आणि व्हॉट्सॲप तिकडे हलवा. ये-जा विंडोज की + कंट्रोल + बाणांनी. व्हॉट्सॲप नजरेआड गेलं की निम्मं काम तिथंच झालं.

आणि विंडोज की + व्ही! एकदा चालू करून ठेवा, शेवटच्या २५ कॉपी हाताशी राहतात. कोशातून चार-पाच शब्द उचलायचे आणि वर्डमध्ये येऊन एकेक चिकटवायचे.

मॅकवाला : मी मॅकवरच आहे, तरी खटपट्यांना अनुमोदन. शिवाय कमांड-टॅब ॲप बदलतं, विंडो नाही. वर्डच्याच दोन फायली उघड्या असतील तर त्यांच्यात फिरायला कमांड + बॅकटिक (` या चिन्हाची की). विंडोजवरून येणारे सुरुवातीला हमखास वैतागतात.

तर्कट : सगळं खरं, पण रखडण्याचं काय? दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकलेले टॅबही रॅम तेवढीच खातात, पसारा फक्त दिसेनासा होतो. नेहमीचं सगळं उघडं असताना कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा आणि उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा सांगा.

भाषांतरवाली : ९१ टक्के! त्यात ब्राउझरच सगळ्यात वर.

तर्कट : मग रॅम १६ करा. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे आधी मॉडेल नंबर टाकून स्लॉट आहे का बघा.

भाषांतरवाली : एक स्लॉट रिकामा आहे. मॅक रद्द, नवऱ्याला कळवलंय. 😄 उरलेल्या पैशात मॉनिटर घेऊ का?

खटपट्या : बेशक. २४ इंची पुरे, पण उभा फिरणारा स्टँड बघूनच घ्या. उभ्या स्क्रीनवर पीडीएफचं अख्खं पान मावतं.