प्रतिसाद: कंत्राटी कामाचे मूल्यमापन आणि आपली नोंदवही

वरच्या प्रतिसादात म्हटले आहे की अकरा महिन्यांच्या कंत्राटी नेमणुकीत मूल्यमापन हा केवळ उपचार असतो आणि मुदतवाढ ओळखीवरच ठरते. ओळखीचा भाग मी नाकारत नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका कार्यालयात कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून काम करताना माझा अनुभव थोडा वेगळा होता. मुदतवाढीच्या वेळी माझ्या अहवालावर ‘काम असमाधानकारक’ असा शेरा पडला आणि तो मला तोंडीच सांगण्यात आला. मी रोज किती अर्ज भरले, वीज किंवा नेट नसल्याने कोणत्या दिवशी काम थांबले, हे तारखेसह एका वहीत लिहून ठेवत असे. त्या नोंदींची प्रत जोडून मी लेखी खुलासा दिला, त्याची पोच घेतली आणि शेरा बदलला गेला.

यात एक गोष्ट जोडतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील (म्हणजे त्याच्या कामाच्या वार्षिक मूल्यमापनातील) प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, त्याला कळवलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात दिला आहे. तो निकाल नियमित कर्मचाऱ्यांच्या संदर्भातला असल्याने कंत्राटी माणसाला तो जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही. मात्र माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून स्वतःच्या मूल्यमापनाची प्रत मागता येते आणि 30 दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) वजनकाट्यावर कामाला लागणाऱ्या मुलांना हा मार्ग नाही, कारण ती खासगी नोकरी आहे. त्यांनी निदान हंगाम संपण्याआधीच अनुभवाचा दाखला मागून घ्यावा.