मदत हवी आहे: दीर्घकालीन गुणात्मक अभ्यासात मुलाखती कधी घ्यायच्या?

नमस्कार. मी नर्स आहे, सध्या पीएचडी करतेय. डायलिसिस नव्याने सुरू झालेल्या माणसांचं आयुष्य पहिल्या दीड वर्षात कसं बदलत जातं, हा विषय. १८ सहभागी, प्रत्येकाच्या ४ मुलाखती: पहिल्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिताना ही आखणी सुटसुटीत वाटली होती. दुसरी फेरी संपत आलीय आणि आता तीच खटकतेय. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

एका काकांचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट) तिसऱ्या महिन्यात बंद पडला, मानेत कॅथेटर (नळी) घालावा लागला. मी पोहोचले सहाव्या महिन्यात. तोवर नवा फिस्टुला तयार झाला होता आणि काकांनी ती हकिगत "झाला तेव्हा थोडा त्रास" एवढ्यावर आटोपली. निघताना काकू दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "त्या महिन्यात ते कुणाशी बोलत नव्हते हो." मला जे समजून घ्यायचं होतं ते नेमकं माझ्या दोन फेऱ्यांच्या मधे घडून गेलं.

दुसरं कोडं. एक ताई पहिल्या मुलाखतीत म्हणाल्या होत्या, "मशीनला जोडलं की मी माझी राहत नाही." सहा महिन्यांनी म्हणाल्या, "मला भीती अशी कधी वाटलीच नाही." गाईड म्हणतात, आधीचं बोलणं वाचून दाखव आणि विचार. मला ती उलटतपासणी वाटते. यातलं खरं काय धरायचं? आणि विश्लेषण आत्ताच सुरू करू की ७२ ट्रान्स्क्रिप्ट हातात आल्यावर?

प्रतिसाद १

ताई, ठरलेल्या फेऱ्या मोडू नका, नाहीतर सहभागींची एकमेकांशी तुलना करता येणार नाही. मधल्या काळात महिन्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन ठेवा. फिस्टुला बिघडणं, अ‍ॅडमिट होणं, प्रत्यारोपणाचं ठरणं, असं काही घडलं तर महिनाभरात एक जादा भेट. मात्र आधी एथिक्स कमिटीकडून (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) हा बदल मंजूर करून घ्या. संमतीही दर भेटीत नव्याने विचारा; पहिल्या दिवशीची सही दीड वर्ष पुरत नाही.

त्या ताईंची दोन्ही वाक्यं खरीच आहेत. माणूस आजच्या जागेवरून मागचं सांगतो, आणि ती जागा सरकली हेच तर तुम्ही शोधताय. समाजशास्त्रज्ञ मायकेल बरी यांनी १९८२ मध्ये मांडलं होतं की दीर्घ आजार माणसाची स्वतःबद्दलची कहाणीच मधे तोडतो. तुमच्या ताई ती पुन्हा जुळवताहेत. जुनं वाक्य वाचून दाखवू नका. "सुरुवातीचे दिवस आज कसे आठवतात?" एवढंच विचारा आणि थांबा.

७२ साठेपर्यंत थांबू नका, पुढच्या फेरीचे प्रश्न आधीच्या फेरीतूनच निघतात. रिची आणि स्पेन्सर या संशोधकांच्या फ्रेमवर्क पद्धतीतला (मुलाखतींतला मजकूर विषयवार तक्त्यात मांडायची पद्धत) तक्ता घ्या, पण प्रत्येक सहभागीला वेगळा: आडव्या ओळींत विषय, उभ्या रकान्यांत फेऱ्या. आडवं वाचलं की त्या माणसातला बदल दिसतो. जे बदललं नाही तेही लिहा, ते हमखास राहून जातं. मेमोवर (विश्लेषण करताना स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांवर) तारीख घाला, कारण दीड वर्षात ऐकणारीही बदलते.

धागाकर्ती

मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं. दोन सहभागी वारले. त्यांची एकेकच मुलाखत आहे. गाईड त्यांना गळती (अभ्यास अर्धवट सोडलेले) म्हणून वगळायला सांगताहेत. मला ते जमत नाहीये.

प्रतिसाद २

वगळू नका. मृत्यू, प्रत्यारोपण आणि "आता नको" म्हणणं या तीन गोष्टी प्रबंधात वेगवेगळ्या नोंदवा. फक्त संमतीपत्रात अशा वेळी माहिती वापरण्याबद्दल काय लिहिलंय ते तपासा. काही लिहिलेलं नसेल तर कमिटीला विचारा. परवानगीशिवाय घरच्यांची मुलाखत घ्यायला जाऊ नका. भेटायला जायचं असेल तर रेकॉर्डर न घेता जा.

धागाकर्ती

संमतीपत्र आत्ताच काढून पाहिलं. त्यात "सहभाग थांबल्यास" असं आहे, मृत्यूचा उल्लेख नाही. उद्या फोनच्या परवानगीसोबत हेही कमिटीला लिहिते.