पावतीवर ‘वर्गणी’ छापावे, ‘देणगी’ की ‘दान’?

मी नागपूरच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला मराठी शिकवते. शाळेमागच्या वस्तीत एक लहानशी अभ्यासिका आहे. तिच्यासाठी पुस्तके, एक कपाट आणि दोन पंखे घेऊन देण्याचे आमच्या मुलांनी ठरवले असून त्याकरिता डिसेंबरात शाळेच्या पटांगणावर आनंद मेळावा भरवण्याची त्यांची तयारी चालू आहे. तर्री पोह्यांचा ठेला कोणी लावायचा, सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) कोणाच्या आईकडून शिकून घ्यायची आणि कळमन्याच्या बाजारातून संत्री कोणी आणायची, हे सारे अर्ध्या तासात ठरले. पावती पुस्तकावर कोणता शब्द छापायचा यावर मात्र तीन तासिका झाल्या, तरी एकमत झालेले नाही. मुलांनी घरातल्या जुन्या पावत्या आणून मजकूर तयार केला आहे: ‘श्री./श्रीमती ........ यांच्याकडून अभ्यासिकेकरिता ........ म्हणून रुपये ........ (अक्षरी ........) साभार मिळाले.’ यातील दुसऱ्या रिकाम्या जागेचा हा प्रश्न आहे.

नागपुरात मुलांच्या तोंडी सर्वांत आधी येतो तो शब्द ‘चंदा’. ‘आम्ही चंदा जमा करून राहिलो’ असे ती सहज म्हणतात, आणि हिंदीच्या शेजारात वाढलेल्या या शहराला तो परका वाटत नाही. त्याचे मूळ फारसी ‘चंद’ म्हणजे ‘काही, थोडे’ या शब्दात आहे. ज्याला जे थोडेबहुत जमेल ते त्याने द्यावे, हा त्यातला भाव मला मनापासून आवडतो. परंतु एका विद्यार्थिनीने सांगितले की त्यांच्या दुकानात एका मंडळाची माणसे आली, रक्कम त्यांनीच ठरवली आणि पावती फाडून ती निघून गेली. तेव्हापासून ‘चंदा’ हा शब्द कानावर पडला की तिचे वडील गप्प होतात. ‘पावती फाडणे’ या वाक्प्रयोगालाच आता सक्तीची छटा आली आहे, हे तिच्या बोलण्यातून वर्गाला प्रथमच जाणवले, आणि ‘चंदा’ बाजूला पडला.

उरलेल्या शब्दांचा विचार करताना मी मुलांना क्रियापदांकडे पाहायला सांगितले, कारण शब्दाचा खरा स्वभाव त्याच्या सोबतच्या क्रियापदात दिसतो. निधी ‘उभारतात’, देणगी ‘स्वीकारतात’, दान ‘करतात’, मदत ‘मागतात’. वर्गणी मात्र ‘काढतात’. ‘चला, आपण वर्गणी काढू’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा पहिला हात बोलणाऱ्याच्याच खिशात जायचा असतो. ‘वर्गणी गोळा करणे’ यात लोकांचे पैसे येतात, ‘वर्गणी काढणे’ यात आपले. दुसरे असे की मासिकालाही आपण वार्षिक वर्गणीच भरतो आणि मग त्याचे ‘वर्गणीदार’ होतो. अंक वेळेवर आला नाही तर वर्गणीदार हक्काने पत्र लिहितो. ज्याने वर्गणी दिली त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे, आणि ज्याने घेतली त्याच्यावर तो दाखवण्याचे बंधन आहे, हा अर्थ या शब्दात मुरलेला आहे.

‘देणगी’ची गोष्ट वेगळी आहे. ती स्वेच्छेची असते, तिला ठरलेला वाटा नसतो, आणि देणारा त्या कामाचा सभासद असलाच पाहिजे असेही नाही. आपण ‘आवाजाची देणगी’ म्हणतो तेव्हाही न मागता लाभलेले असेच काही सुचवतो. आमच्या शहरातले ठळक उदाहरण म्हणजे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. त्यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. त्याला कोणी ‘वर्गणी’ म्हणणार नाही. मात्र त्याला ‘देणगी’ म्हणावे की ‘दान’, यावर वर्ग दुभंगला, आणि खरी चर्चा तेथून सुरू झाली.

एका मुलीने ‘दान’ या शब्दाला ठाम नकार दिला. तिचा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी त्याच अभ्यासिकेत बसतो. ‘माझ्या भावाला कोणी दान दिलेलं मला नाही चालणार,’ असे ती म्हणाली, आणि वर्ग काही क्षण अगदी शांत झाला. त्यानंतर नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतून येणारा एक मुलगा उभा राहिला. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लांबलांबून लोक येतात, त्यांच्यासाठी त्याच्या घरची माणसे रात्रभर पुऱ्या लाटतात, आणि त्या स्टॉलवर ‘भोजनदान’ असाच फलक असतो. तेथे वाढणारा आणि जेवणारा यांच्यात उंच कोण आणि ठेंगणा कोण, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही, असे त्याने सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांचे, म्हणजे बौद्ध धम्मातील दहा श्रेष्ठ सद्गुणांचे, पालन करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्या दहांत पहिली पारमिता दानाचीच आहे. म्हणजे एकाच वर्गात, दोन बाकांच्या अंतरावर, एकाला जो शब्द मान खाली घालायला लावणारा वाटतो, तोच दुसऱ्याला अभिमानाचा वाटतो. मला दोघांचेही पटते, आणि म्हणूनच निर्णय देणे जड जाते.

माझा कल ‘वर्गणी’कडे आहे. परंतु मेळाव्याला येणारे पाहुणे आमच्या वर्गाचे सभासद नाहीत, मग त्यांच्याकडून घेतलेल्या पैशाला वर्गणी म्हणता येईल का? शिवाय ‘फंडरेझर’ आणि ‘फिलान्थ्रॉपी’ या मुलांच्या रोजच्या झालेल्या दोन शब्दांसाठी आपण काय वापरता, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझे अर्धे आयुष्य हौशी नाटकमंडळींची तिकिटे विकण्यात गेले आहे. ‘फंडरेझर’साठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही, मराठी रंगभूमीने तो कधीच दिलेला आहे. एखाद्या कामासाठी पैसे उभे करायचे म्हणून लावलेल्या खेळाला आपण ‘साहाय्यार्थ प्रयोग’ किंवा ‘मदतीचा प्रयोग’ म्हणत आलो आहोत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र केलेला ‘संयुक्त मानापमान’ हा टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थच झाला होता. अशा खेळाच्या तिकिटाला ‘तिकीट’ न म्हणता ‘देणगी प्रवेशिका’ म्हणतात. आपल्या मुलांनी फलकावर ‘अभ्यासिकेच्या साहाय्यार्थ आनंद मेळावा’ असे लिहिले, तर नागपुरातल्या कोणत्याही आजोबांना समजावून सांगावे लागणार नाही.

‘फंड’ या शब्दाचाही दुस्वास करू नये, अशी माझी विनंती आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ‘पैसा’ आणि ‘फंड’ एकमेकांशेजारी बसले आणि तो शब्द पूर्ण मराठी झाला. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे मुलांना शिकवायचे असेल, तर याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

‘फिलान्थ्रॉपी’ला कोशांत ‘परोपकार’ असा प्रतिशब्द सापडेल. मी तो टाळतो, कारण मराठीत ‘उपकार’ हा शब्द फार वजनदार झाला आहे. उपकाराचे ओझे असते, उपकार फेडावे लागतात, उपकार स्मरावे लागतात. आपल्या विद्यार्थिनीला ‘दान’ जसा बोचला, तसाच हाही बोचेल. गुणाबद्दल बोलायचे असेल तर ‘दातृत्व’ म्हणावे. कामाबद्दल बोलायचे असेल तर ‘समाजासाठी देणे’ असे साध्या शब्दांत सांगावे.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाचा संबंध येतो; गणेश मंडळे याच कलमाखाली परवानगी घेतात. मुलांना पावती पुस्तक देऊन दारोदार पाठवण्याआधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्यावे, आणि पावतीवर सही एखाद्या मोठ्या माणसाचीच असावी.

मूळ लेखिकेचे उत्तर

काका, आपला प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला. ‘साहाय्यार्थ’ एकमताने मंजूर झाला, आणि फलक रंगवणाऱ्या मुलाने त्यातला ‘हा’ दीर्घ काढायचा हे तीनदा विचारून घेतले. दारोदार जाण्याचा बेत मुख्याध्यापकांशी बोलून रद्द केला असून पैसे आता फक्त शाळेच्या आवारात आणि शाळेच्याच नावाने घेतले जातील.

‘उपकार’ शब्दावरून मुलांनीच आणखी दोन शब्द शोधून आणले. ‘खैरात’ हा अरबी ‘खैर’ म्हणजे चांगुलपणा, भले यावरून आलेला शब्द, पण आज आपण तो ‘आश्वासनांची खैरात’ अशा तुच्छतेच्या अर्थानेच वापरतो. ‘जकात’चा प्रवास तर त्याहून लांबचा आहे. अरबीत ती श्रद्धावंताने आपल्या संपत्तीतून गरजूंसाठी काढून ठेवायची असते, आणि मराठीत ती नाक्यावर मालमोटार अडवून वसूल करायचा कर झाली. चांगल्या कामासाठी जन्मलेले शब्द वापरणाऱ्यांच्या हातून कसे झिजतात, हे पाहून मुले खरोखर अस्वस्थ झाली.

‘दाना’च्या वादातून वाट काढायला विनोबांची मदत झाली. त्यांचा आश्रम असलेले पवनार येथून फार दूर नाही, आणि १९५१ मध्ये सुरू झालेले भूदान मुलांना इतिहासातून माहीत होते. विनोबा ‘दानं संविभागः’ या शंकराचार्यांच्या वचनाचा वारंवार आधार घेत: दान म्हणजे नीट वाटणी. हे ऐकल्यावर ज्या मुलीने ‘दान’ नाकारला होता ती म्हणाली, ‘असं असेल तर शब्द वाईट नाही, पण पावतीवर एवढं समजावून लिहिता येणार नाही.’ तिचे म्हणणे मला अगदी योग्य वाटले. पावतीवरचा शब्द टीपेवाचून समजला पाहिजे.

शेवटी दोन पुस्तके छापायचे ठरले आहे. वर्गातील मुले आणि त्यांचे पालक जे देतील त्यावर ‘वर्गणी’, आणि पाहुणे जे देतील त्यावर ‘देणगी’. ठेल्यांवरच्या पोह्यांचे पैसे या दोहोंतही धरायचे नाहीत. ती ‘विक्री’, आणि खर्च वजा जाता उरेल त्याला ‘नफा’ न म्हणता ‘शिल्लक’ म्हणायचे, असा मुलांचा आग्रह आहे. प्रत्येक पावतीची स्थळप्रत जपून ठेवून मेळाव्यानंतर हिशेब सूचनाफलकावर लावला जाईल.

आपल्यापैकी विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एक शब्द राहिला. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि मोठी माणसे त्यांच्या हातावर जे पैसे ठेवतात त्याला ‘बोजारा’ म्हणतात. काल तिसरीतला एक मुलगा आमच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने रुमालात बांधून ठेवलेला आपला या वर्षीचा बोजारा टेबलावर मोकळा केला. दहाच्या दोन नोटा आणि बाकी नाणी होती. पावती पुस्तके अजून छापखान्यात आहेत, म्हणून मुलांनी वहीत पहिली नोंद केली: ‘बोजारा, रुपये ४२, साभार मिळाले.’