सल्ला हवा: गणपतीतल्या कार्यक्रमासाठी डायनोसॉर सुचवा

मुलुंडची_मीनल:
आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांचे कार्यक्रम असतात. लेक तिसरीत आहे. तिला यंदा नाच नकोय, डायनोसॉरवर बोलायचंय. वेळ पाच मिनिटं. पंचवीसेक नावं तोंडपाठ आहेत आणि तिला सगळीच सांगायचीत. समोर आजी-आजोबा आणि आरतीची वाट बघणारी मंडळी. चार-पाच निवडायचे तर कोणते? लांबी-वजनाचे आकडे नकोत, ते तिच्याकडे ढीगभर आहेत.

काळा_पत्थर:
टी-रेक्स टाळता येणार नाही, पण त्याची डरकाळी नको. अंग बारा मीटरचं आणि हात जेमतेम एक मीटरचे, हे ऐकून लोक हसतील. मग सांगायचं की हा हाडं फोडून खायचा. कशावरून? कॅनडात त्याचं म्हणून ओळखलेलं दगड झालेलं शेण मिळालं, त्यात हाडांचा चुरा होता.
दुसरा स्टेगोसॉरस, पाठीवर पाट उभे केल्यासारखा दिसणारा. चित्रांत या दोघांची झुंज दाखवतात, ती होणं शक्यच नव्हतं. स्टेगोसॉरस 15 कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स साधारण पावणेसात कोटींचा. मधलं अंतर आठ कोटी वर्षांचं. म्हणजे टी-रेक्स काळाच्या हिशेबात आपल्याला जास्त जवळचा!

कट्टेकरी:
व्हेलोसिरॅप्टर घ्या. सिनेमात माणसाएवढा दाखवतात, खरा कमरेपाशी अर्धा मीटर उंच होता. अंगावर पिसं. 2007 साली मंगोलियातल्या एका जीवाश्माच्या हातावर पिसं रुतायच्या जागी असतात तसे उंचवटे सापडले, पक्ष्यांच्या हाडावर असतात तसेच.
उडणारा टेरोडॅक्टिलपण घ्या, मुलांना आवडतो.

काळा_पत्थर:
कट्टेकरी, तो डायनोसॉर नाही हो. उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा वेगळा गट आहे तो. तिसरीतली मुलं भर मांडवात पकडतील.

वरोऱ्याची_काकू:
मीनल, सगळे परदेशीच कशाला गं? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात या की. डोंगरगावला आयसिसॉरस मिळाला. मान उभी, पुढचे पाय लांब. नावातलं आयएसआय म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, संशोधन तिथल्यांचं. म्हणजे आकडेमोडीच्या संस्थेचं नाव डायनोसॉरला!
आणि त्याहून भारी गोष्ट पिसदुऱ्याची. तिथेही शेणाचे दगड मिळतात, पण शाकाहारी डायनोसॉरचे. 2005 साली त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले, भात-बांबूच्या नात्यातल्या गवतांचेसुद्धा. तोवर समज असा की डायनोसॉर संपल्यावर गवत आलं. गणपतीपुढे दुर्वांच्या जुड्या पडलेल्याच असतात, तिनं एक हातात धरून हे सांगावं. आज्या मान वर करतील.

मुलुंडची_मीनल:
काकू, दुर्वांची कल्पना फारच आवडली. पण शेण दोनदा होतंय आणि कार्यक्रम प्रसादाच्या आधी आहे.

वरोऱ्याची_काकू:
मग टी-रेक्सचं वगळ, आमचं ठेव.

खाडीपल्याड:
गुजरातकडचे दोन राहिले. राजासॉरस, डोक्यावर एकच बुटकं शिंग असलेला मांसाहारी. नाव 2003 चं, पूर्ण नाव राजासॉरस नर्मदेन्सिस. हाडं बालासिनोरजवळच्या राहिओलीची. पुढे कधी सुट्टीत लेकीला घेऊन जा, तिथे जीवाश्म उद्यान आहे.
दुसरी गोष्ट सानाजेह या सापाची. ढोली डुंगरीला डायनोसॉरचं घरटं मिळालं. अंडी, नुकतं बाहेर आलेलं पिल्लू आणि शेजारी वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप. सगळे गाळाखाली एकदम गाडले गेले असावेत. 1980 च्या दशकात सापडलेल्या या दगडातली सगळी हाडं आधी पिल्लाचीच वाटली होती. त्यात साप आहे हे कळायला 2001 उजाडलं. माझं मत विचाराल तर पाचही मिनिटं यावरच द्यावीत.

कट्टेकरी:
आणि मुंबईचा कोण? लोक विचारणारच.

काळा_पत्थर:
मुंबईचा बेडूक! इथला खडक लाव्हाचा, त्यात हाडं कुठली टिकायला? पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ दबलाय, त्यात वरळीला बेडकांचे जीवाश्म मिळाले, तेही 19व्या शतकात. इंडोबॅट्राकस. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याच लाव्हाच्या पसाऱ्यातली. कुणी मुंबईचं विचारलं तर बेडूक पुढे करा.

मुलुंडची_मीनल:
लेकीला वाचून दाखवलं. यादी अशी: स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स जोडीनं, व्हेलोसिरॅप्टर, दुर्वांसकट चंद्रपूरकर, मग साप. साप डायनोसॉर नाही म्हणून तिचाच आधी विरोध होता. त्यानं खायला घेतलेलं पिल्लू डायनोसॉर आहे म्हटल्यावर मान्य झालं. राजासॉरसचं शिंग पुठ्ठ्याचं करून डोक्याला लावणार आहे, त्यामुळे त्याच्यावर वेगळं बोलायला नको.

खाडीपल्याड:
शिंग छोटं करा हं, लांब केलंत की गेंडा दिसेल.