कायम नोकरशहा हवेत की मर्जीतले? अमेरिकेतल्या 'शेड्यूल एफ'बद्दल

पोटोमॅककाठची

मेरीलँडमध्ये राहून अठरा वर्षं झाली. आमच्या गल्लीत तीन घरांतली माणसं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकरीत आहेत, आणि त्यांच्याशी गप्पा निघाल्या की विषय एकाच ठिकाणी येतो: शेड्यूल एफ. धोरणाशी संबंध असलेल्या पदांवरच्या कायम कर्मचाऱ्यांचं नोकरीचं संरक्षण काढणारा हा आदेश ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये काढला. बायडन यांनी जानेवारी २०२१ मध्ये तो रद्द केला. २० जानेवारी २०२५ ला तो नाव बदलून परत आला. साधारण ५० हजार पदं त्यात येतील, असा सरकारचाच अंदाज आहे.

मला हे फार धोक्याचं वाटतं. पूर्वी इथे निवडणूक जिंकली की टपालखात्यापासून कस्टमपर्यंतच्या नोकऱ्या पक्षाच्या माणसांत वाटल्या जात. १८८१ मध्ये पॅरिसच्या वकिलातीत जागा मिळाली नाही म्हणून चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला आणि परीक्षा देऊन नोकरी मिळू लागली.

त्याचा उपयोग काय झाला, ते एका टेबलाशी बसून बघा. सप्टेंबर १९६०. औषध प्रशासनात नव्याच लागलेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे थॅलिडोमाइडचा अर्ज आला. युरोपात ते झोपेचं औषध म्हणून सर्रास विकलं जात होतं. ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर मंजुरी आपोआप मिळायची. बाईंनी दर वेळी आणखी माहिती मागवली. कंपनीचे लोक फोन करत, भेटायला येत, वरिष्ठांकडे तक्रारी नेत. बाई हलल्या नाहीत. पुढे इतर देशांत हातपाय नीट न वाढलेली हजारो बाळं जन्मली, तेव्हा कळलं त्यांनी काय अडवलं होतं. नोकरी साहेबाच्या मर्जीवर असती तर त्या सहीला नकार देऊ शकल्या असत्या का?

रोखठोक_सांगलीकर

ताई, असहमत. केल्सीबाईंना नमस्कार, पण त्या एकट्या. २०१४ चं फिनिक्स आठवा. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात नोंदीनुसार पहिल्या भेटीसाठी सरासरी २४ दिवस थांबावं लागत होतं. चौकशीत नमुना तपासला तर निघाले ११५. सुमारे १,७०० सैनिकांची नावं अधिकृत यादीत नव्हतीच. तिथल्या संचालिकेला मेमध्ये पगारी रजेवर पाठवलं आणि काढलं नोव्हेंबरात. तेही अपिलात टिकलं ते घेतलेल्या भेटवस्तूंच्या मुद्द्यावर, याद्यांच्या नव्हे. हेच का ते संरक्षण?

२०२४ च्या अखेरीस २३ लाखांच्या आसपास फेडरल कर्मचारी होते. राष्ट्राध्यक्ष स्वतः नेमतो ती पदं जेमतेम चार हजार. लोक मत देतात ते त्याला. खालच्यांनी काम अडवलं तर त्या मताला किंमत काय उरली? माझ्या सासऱ्यांची एक फाइल इथल्या एका कार्यालयात चौदा महिने पडून होती. फोनवर दर वेळी तेच उत्तर, 'प्रोसेसमध्ये आहे'. म्हातारा माणूस रोज टपालपेटी उघडून बघायचा.

निवृत्त_नाशिककर

मी राज्य सरकारच्या नोकरीत ३१ वर्षं काढली. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३११ मुळे चौकशीशिवाय सहसा कुणाला काढता येत नाही. पण माणूस वाकवायला काढावं कुठे लागतं? बदली पुरते. मुलीची दहावी, आईचं आजारपण, आणि हातात ऑर्डर. महाराष्ट्रात २००५ मध्ये बदल्यांचा कायदा आला, तीन वर्षांची मुदत ठरली, तरी 'विशेष कारणास्तव' हे शब्द कागदावर होतेच. एका सहकाऱ्याने टिपणीवर प्रतिकूल शेरा लिहिला आणि महिन्याभरात त्याचं सामान टेंपोत चढलं. पुढच्या फायलीवर आम्ही बाकीच्यांनी काय लिहिलं, ते सांगायला आजही लाज वाटते. म्हणून सांगलीकर, तुमचा राग पटतो, उपाय पटत नाही.

पोटोमॅककाठची

काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

सांगलीकर, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण फिनिक्सचे ते आकडे बाहेर काढले कुणी? त्या खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने. १९७८ च्या कायद्याने मोठ्या खात्यांत असा स्वतंत्र तपासनीस बसवला. त्याला काढायचं तर संसदेला ३० दिवस आधी कळवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सतराच्या आसपास तपासनीस एका रात्रीत काढले गेले, ती नोटीस न देता. उद्याचं फिनिक्स कोण शोधणार?

आणि कारवाई रखडते त्याला संरक्षणच जबाबदार आहे असं नाही. अपिलं ऐकणाऱ्या मंडळात तीन जागा. जानेवारी २०१७ ते मार्च २०२२ गणसंख्याच नव्हती, म्हणजे निकाल देण्याइतके सदस्यच नव्हते. साडेतीन हजारांहून जास्त प्रकरणं तुंबली. त्यात चुकीने काढलेलेही होते आणि कामचुकारही. जागा भरणं राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटच्या हातात होतं, कारकुनांच्या नव्हे.

रोखठोक_सांगलीकर

तपासनिसांचं मान्य. त्यांना हात लावायला नको होता, ते मी आमच्या गटातही बोललो आहे. मंडळाचं मला माहीत नव्हतं.

पण पन्नास हजार पदांवर मी ठाम आहे. जो धोरणाचा मसुदा लिहितो, त्याला निवडून आलेल्याने बदलता आलंच पाहिजे. औषध तपासणारी केल्सी आणि मसुदा लिहिणारा उपसंचालक यांत फरक करा. केल्सीला संरक्षण द्या, माझी हरकत नाही.

निवृत्त_नाशिककर

हा फरक कोणत्या कागदावर, कोण करणार? 'धोरणाशी संबंधित' हे शब्द मला फार ओळखीचे वाटतात.