काळ्या मातीवरचं पत्र्याचं शेड वाढवून सुतारकामाचं वर्कशॉप करायचंय : पाया, छत, वीज (नाशिक)

रंधाप्रेमी (प्रश्न)

मखमलाबाद भागात घराच्या मागे पत्र्याचं शेड आहे. आतून १० फूट रुंद, १२ फूट लांब. खांब २ इंची चौकोनी पाइपचे, छत एकाच बाजूला उतरतं : पुढची उंची साडेनऊ फूट, मागची आठ. १० फुटांत दीड फूट उतार. जमीन काळी, उन्हाळ्यात हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पडतात.

इथे सुतारकामाचं घरगुती वर्कशॉप करायचंय : २ एचपीचा टेबल सॉ, रंधा मशीन, ड्रिल प्रेस, ७ फुटी बेंच आणि धूळ ओढायला १ एचपीचा कलेक्टर. आणखी १०० चौरस फूट जागा लागेल. शेडच्या मागे जागा आहे आणि पश्चिमेच्या बाजूलाही आहे. दोन्हीकडे वाढवलं तरी कुंपणापर्यंत पुरेसं अंतर उरतं.

१) मागे वाढवू की बाजूला?
२) पाया किती खोल?
३) जुन्या-नव्या पत्र्याच्या सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून काय करावं?
४) मीटरपासून शेड २५ मीटर. केबल कोणती?

पाया_पक्का

मागे वाढवू नका. तुमचा उतार मागे आहे. तोच पुढे १० फूट नेला तर मागची उंची साडेसहा फुटांवर येईल, त्यात पाइप आणि पंखा धरला की उभं राहून काम करता येणार नाही. उतार मोडून सपाट केला तर जुलैत पाणी उलटं चढेल. पश्चिमेला, म्हणजे लांबीत वाढवा. उंची तीच, उतार तोच, आणि मिळते २२ बाय १० ची लांबट खोली. सुतारकामाला हाच आकार हवा. ८ बाय ४ चं प्लाय टेबल सॉवरून काढायचं तर पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळे लागतात, मध्ये टेबलाचे अडीच-तीन. म्हणजे १९ फूट. चौकोनी खोलीत हे कधीच बसत नाही.

आता जमीन. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. वरचे दोन फूट तर दरवर्षी हलतात, त्यामुळे दोन फुटी खड्ड्यात उभा केलेला खांब पावसाळ्यात वर येतो आणि मे महिन्यात खाली बसतो. नव्या बांधकामाच्या कोपऱ्यात पहारीने एक खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते आधी बघा. मुरूम साडेचार-पाच फुटांच्या आत असेल तर सरळ मुरमापर्यंत जा. त्याहून खोल असेल तर उघडे खड्डे परवडत नाहीत, तिथे १२ इंच व्यासाचे, तळाला फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) मारावे लागतात. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ड्रॉइंग घ्या.

मुरूम साधारण ४ फुटांवर धरून सांगतो. सहा खांब, तीन ओळी, ओळींत ५ फूट अंतर. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी २ × २ फूट, १ फूट जाड काँक्रीट, त्यात १० मिमी सळईची ६ इंची जाळी. त्यावर १ × १ फुटाचं ४ फूट उंच पेडेस्टल (पायावरचा काँक्रीटचा छोटा खांब), १० मिमीच्या चार सळया, ८ मिमीच्या रिंगा ६ इंचांवर. एका खांबाला ८ घनफूट, सहांना ४८. एम २० प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या ११ पोती धरा. पेडेस्टलचा माथा जमिनीच्या ६ इंच वर ठेवा आणि फाउंडेशन बोल्ट (१६ मिमी, चार) प्लायच्या टेम्प्लेटमध्ये बांधूनच काँक्रीट ओता. नुसते हाताने खोचलेले बोल्ट नंतर बेसप्लेटच्या (खांबाच्या तळाच्या लोखंडी प्लेटच्या) भोकात येत नाहीत, मग भोक गॅसने मोठं करतात आणि खांब कायमचा ढिला राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं : नवीन पाया जुन्याला बांधू नका. जुना कमी खोल असणार, तो हलत राहील आणि नवा हलणार नाही. जुन्या शेवटच्या खांबांपासून ६ इंच सोडून नवी ओळ उभी करा. भिंत खाली ३ फूट बांधणार असाल तर तीही प्लिंथ बीमवर (भिंतीखालच्या आडव्या काँक्रीट तुळईवर) घ्या, आणि बीमच्या खाली ३ इंच पोकळी ठेवा. बीम थेट काळ्या मातीवर टेकला तर फुगणारी माती तो उचलते, भिंतीला तिरकी चीर जाते.

खांब उभे करताना गुण्यावर विसंबू नका. २२ × १० ला दोन्ही कर्ण २४ फूट २ इंच आले पाहिजेत.

शेडभोवती ३ फूट रुंद काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरलं नाही की माती फुगण्या-आक्रसण्याचं प्रमाणच कमी होतं. खर्च थोडा, उपयोग मोठा, आणि बहुतेक लोक नेमका हाच वगळतात.

कैचीवाला

छताचं मी सांगतो. लोक पत्र्याच्या वजनाचा विचार करतात, पण काम वाऱ्याचं असतं. आयएस ८७५ या भारतीय मानकात नाशिकसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४० किमी. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो भरतो. तुमच्या नव्या १०० चौरस फुटांवर साडेआठशे किलोंच्या आसपास, आणि पत्रा स्वतः जेमतेम ५० किलो. दार-शटर उघडं असताना आत शिरलेला वारा आणखी खालून ढकलतो. म्हणून वळवाच्या वादळात छतं खाली कोसळत नाहीत, वर उडतात. वर दिलेल्या मापाचं पाया आणि पेडेस्टलचं काँक्रीट खांबामागे सुमारे ५४० किलो भरतं, ते पुरतं. कच्ची कडी असते ती पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो तो आडवा पाइप) आणि पत्र्याच्या स्क्रूची.

खांब ६० × ६० × ३ मिमी, राफ्टर (उताराच्या दिशेची तुळई) ८० × ४० × ३, पर्लिन ४० × ४० × २. पर्लिनच्या चार ओळी, म्हणजे अंतर ३ फूट ४ इंच. पर्लिन राफ्टरवर नुसत्या ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डवर ठेवू नका, क्लीट (आधाराचा लोखंडी तुकडा) लावून दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड घ्या. वेल्डवरची खपली काढून लगेच रेड ऑक्साइड मारा. खपलीवर रंग मारला तर एका पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

पत्रा ०.५ मिमी कलर कोटेड, लांबी साडेअकरा फूट, ४ नग. घेण्याआधी जुन्या पत्र्याचा तुकडा दुकानात न्या. गोल पन्हळीवर चौकोनी पन्हळ बसत नाही, सांधा कितीही सिलिकॉनने भरला तरी गळतो. पन्हळ जुळत नसेल तर जुने पत्रेही बदला.

आता सांधा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून लॅपची (एक पत्रा दुसऱ्यावर चढतो त्या भागाची) उघडी कड पूर्वेला हवी. तुमचं नवं काम पश्चिमेला आहे, त्यामुळे नवा पत्रा जुन्याच्या वर चढवा, दीड पन्हळ. मध्ये ब्युटाइल टेपची (चिकट रबरी टेपची) एक पट्टी. वरून सिलिकॉन नको, उन्हात सुटतं. जुन्या पर्लिनला नवी पर्लिन वेल्ड करू नका आणि या एका लॅपला स्टिच स्क्रूही (पत्र्याला पत्रा जोडणारे) मारू नका. पाया वेगळा ठेवून वर छत जखडलं तर वेगळा ठेवण्याचा फायदाच राहत नाही. नव्या पर्लिन सांध्याकडे ५ इंच पुढे काढा, पत्रा त्यावर टेकेल.

स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, नाळीत नाही. ५५ मिमी सेल्फ-ड्रिलिंग, ईपीडीएम (रबरी) वॉशरसह. वरच्या आणि खालच्या पर्लिनवर प्रत्येक पन्हळीला, मधल्या दोनवर एक सोडून एक. वॉशर किंचित दबला की थांबा. बाहेर फुगेपर्यंत आवळला तर दोन उन्हाळ्यांत फाटतो. काम संपल्यावर लोखंडाचा कीस झाडून काढा, नाहीतर पहिल्या पावसात रंगीत पत्र्यावर गंजाचे ठिपके पडतात.

पत्रा टाकण्याआधी पर्लिनवर फॉइलचा एअर बबल (हवेच्या फुग्यांचं उष्णतारोधक शीट) पसरवा, सांधे ॲल्युमिनियम टेपने बंद. उन्हापुरता नाही, हिवाळ्यासाठीही. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पत्रा इतका गार पडतो की आतली वाफ त्याला खालून धरते आणि टेबल सॉच्या बिडाच्या टेबलावर थेंब पडतात. टेबल गंजतं ते बऱ्याचदा गळतीने नाही, या थेंबांनी.

ओळंबा

बबलपेक्षा ५० मिमीचं पफ पॅनल (मध्ये फोम भरलेला दुहेरी पत्रा) कितीतरी सरस. उष्णता, थंडीचं पाणी आणि पावसाचा आवाज, तिन्हींना.

कैचीवाला

सरस आहेच, पण जुन्या पत्र्याला ते जुळणार नाही. सगळे २२ फूट नव्याने झाकणार असाल तर पफ घ्या, अर्धं छत पफ आणि अर्धं पत्रा नको.

रंधाप्रेमी

खड्डा घेऊन पाहिला, मुरूम ४ फुटांवर आहे. जुना कोबा ३ इंची आहे आणि दोन ठिकाणी चिरलाय. नवा त्याच पातळीत घ्यायचा का?

पाया_पक्का

पातळी एकच ठेवा, नाहीतर मशीनची चाकं अडतील. पण जोडू नका. नव्या भागात काळी माती दीड फूट काढून टाका, ६-६ इंचांच्या थरात मुरूम भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसून घ्या. सगळा एकदम भरला तर वरचाच दबतो, खालचा पोकळ राहतो. त्यावर ६ इंच सोलिंग (दगडांचा थर), २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, मग ४ इंच काँक्रीट. १० × १० ला ३३ घनफूट काँक्रीट, म्हणजे सिमेंट ८ पोती, क्रश सँड १५ घनफूट, खडी २८-३०. जुन्या कोब्याच्या कडेला १२ मिमी थर्माकोलची पट्टी उभी लावून मग ओता. प्लास्टिक गाळू नका, त्याशिवाय ओल वर येते आणि जमिनीवर ठेवलेली फळी खालून ओलावा पिऊन वाकते. पाणी निदान १० दिवस मारा. मार्च-एप्रिलमध्ये काम असेल तर १४ दिवस, गोणपाट अंथरून. पाया आणि कोबा मेअखेर आटोपेल असंच वेळापत्रक धरा, उघड्या खड्ड्यात वळवाचं पाणी भरलं तर तळाचा मुरूम मऊ पडतो.

तारजोडणी

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना ५०-५५. कलेक्टर ५-६, दिवे-पंखा १-२. एकत्र १७-१८. नुसता चालू लोड पाहिला तर २.५ चौमिमी तांबं पुरेल असं वाटतं, पण चूक इथेच होते. २५ मीटर जाऊन-येऊन ५० मीटर. २.५ चौमिमीवर सुरू होताना २० व्होल्ट पडतात, ४ वर १३, ६ वर साडेआठ. संध्याकाळी लाइन आधीच २०५ ला असेल तर २.५ वर मोटरला १८५ मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे २३० च्या तुलनेत तिसरा हिस्सा गेला. पातं गुरगुरत राहतं, स्टार्ट वाइंडिंग तापतं, कॅपॅसिटर उडतो. ६ चौमिमी, तीन कोर, तांब्याची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल घ्या. अडीच फूट खोल चरात, खाली-वर वाळू, त्यावर विटांची ओळ.

मीटरकडे ३२ अँपिअर डबल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच). शेडमध्ये ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), त्यापुढे टेबल सॉला २० अँपिअर सी टाइप (सुरू होतानाचा जादा करंट सोसणारा) एमसीबी, कलेक्टरला १६ सी, सॉकेटला १६, दिव्यांना ६. बी टाइप लावला तर मोटर सुरू होताना विनाकारण पडत राहतो. दिव्यांचं सर्किट वेगळंच हवं, पातं फिरत असताना एमसीबी पडून अंधार होणं धोक्याचं आहे.

टेबल सॉ साध्या स्विचवर कधीच नको. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा. वीज गेली की तो सुटतो आणि परत आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. साध्या स्विचवर वीज येताच पातं आपोआप फिरायला लागतं, त्या क्षणी हात टेबलावर असू शकतो.

अर्थिंग शेडजवळ वेगळं करा : ४० मिमी जीआय पाइप, अडीच मीटर, आणि घराच्या अर्थिंगशी जोडा. शेडचा सांगाडा लोखंडी आहे, त्यालाही ८ नंबर जीआय तारेने अर्थ करा. दोन्ही भाग वेगळे ठेवलेत, म्हणून जुना सांगाडा आणि नवा सांगाडा दोन्हींना तार हवी. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडतो, खड्ड्यात पाणी ओतायला विसरू नका.

दिवे २० वॅटचे एलईडी बॅटन, सहा. टेबल सॉवर एक थेट.

ओळंबा

दोन गोष्टी राहिल्या.

महापालिका हद्दीत २०२० ची यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) लागू आहे. 'कुंपणापर्यंत पुरेसं अंतर' हे डोळ्यांनी ठरवू नका. तुमच्या प्लॉटचं सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) मंजूर नकाशात लिहिलेलं असतं. त्यात घुसलेलं पक्कं शेड अनधिकृत ठरतं, पत्र्याचं असलं तरी. खांबाचे खड्डे घेण्याआधी आर्किटेक्टकडून तेवढं तपासून घ्या. आणि पुढे गिऱ्हाइकाचं काम सुरू केलंत तर घरगुती मीटरवर ते करण्याआधी महावितरणला विचारा. मंजूर नसलेल्या कारणासाठी वीज वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

आवाज : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ ही मर्यादा. राउटर आणि ग्राइंडर जवळून शंभरच्या घरात जातात, आणि नुसता पत्रा ढोलासारखा वाजतो. शेजाऱ्याच्या बाजूची भिंत ६ इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची पूर्ण उंचीपर्यंत घ्या, खिडक्या उत्तरेला. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, खूण करताना सावली फसवत नाही. एएसीत साधा प्लग धरत नाही, म्हणून क्लॅम्पची फळी टांगायची भिंत ठरवून बांधतानाच तिथे आरपार बोल्टची सोय ठेवा.

वेल्डिंग या खोलीत करू नका. कलेक्टरच्या पिशवीत शिरलेली ठिणगी तासभर धुमसून मग पेट घेऊ शकते. दाराजवळ ४ किलोचा एबीसी फायर एक्स्टिंग्विशर, आणि काम संपल्यावर भुशाची पिशवी रोज शेडबाहेर.