चर्चा: ‘आग्रा रोडचं कसलं आलंय स्मारक?’

पंचवटीकरीण

परवा आपल्या गटावर जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या खुणा जपायचा विषय निघाला, तेव्हा एका गृहस्थांनी लिहिलं, “आग्रा रोड हा रस्ता आहे, ताजमहाल नाही. मैलाचे दगड आणि पडक्या विहिरी एवढ्या प्रिय असतील तर घरी न्या. कुंभाच्या आधी रस्ते रुंद होऊ द्या.” खाली लोकांनी अंगठे दाबले. मी तेव्हा गप्प राहिले, पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढते.

रस्ता रुंद करू नका असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. म्हणणं इतकंच होतं, की कसारा घाटापासून राहूड घाटापर्यंत जुन्या रस्त्याच्या ज्या खुणा उरल्यात त्यांची जेसीबी पोचण्याआधी नोंद करा. जे जागेवर ठेवता येईल ते जागेवर ठेवा आणि शेजारी मराठीत दोन ओळींचा फलक लावा. यात विकासाच्या आड काय येतं?

आणि ‘रस्त्याचं कसलं स्मारक’ हा प्रश्न नाशिककराने तरी विचारू नये. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई त्यात काय सांगतो? भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे वाटसरूंसाठी निवारे बांधले, बागा, तळी आणि विहिरी केल्या. तापी, दमणा, पारदा अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. त्यातलं गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचंच. वाटसरूची सोय करणं हे पुण्याचं काम मानून त्याने ते डोंगरावर कोरून ठेवलं. त्याच डोंगराच्या पायथ्यावरून आपण रोज ऐंशीच्या वेगाने जातो.

घरची गोष्ट सांगते. माझं आजोळ वडाळीभोईकडचं. लहानपणी एसटीतून उतरलं की वडाखाली मैलाचा दगड होता, डोक्याशी गोलसर, माझ्या छातीएवढा. मी त्यावर पाटी टेकवून मामाची वाट बघायचे. मैल जाऊन किलोमीटर आले तरी तो दगड तिथेच होता. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा वड गेलेला. दगड एका पंक्चरच्या दुकानापुढे आडवा पडला होता आणि त्यावर पोरगा रिमवर हातोडा मारत होता. कोरलेल्या अंकातला ३ तेवढा दिसत होता, पुढचा अंक फुटलेला. त्या पोराचा काही दोष नाही, तो कसला दगड आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही. नाशिकला येईपर्यंत मी गाडीत कुणाशी बोलले नाही.

लतीफवाडी_ते_द्वारका

ताई, तुमची पोस्ट सगळी वाचली. मी बावीस वर्षं गाडी चालवतोय. आधी ट्रक, आता टेम्पो. माझा मेहुणा कसारा घाटात गेला, ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने मागून दाबला. त्या वळणावर आजही साधा फलक नाही. आधी तिथे लावा फलक, मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या जावयाचं बघू.

पावसाळ्यात खड्डे चुकवत मुंबईला जायला आठ-आठ तास घालवलेत मी. गाडीत द्राक्षं असली की प्रत्येक तास पैशात मोजावा लागतो. रस्ता माल आणि माणूस जिवंत पोचवायला असतो. बाकी सगळं नंतर.

चांदवडी

लतीफवाडी भाऊ, दुःख समजतं. पण हा साधा रस्ता नाही हो. शिवाजी महाराज आग्र्याला याच रस्त्याने गेले! तेवढ्या एका कारणासाठी तरी दर दहा मैलांवर कमान उभी राहिली पाहिजे.

बखरवाचक

इथेच सगळं बिघडतं. महाराज १६६६ च्या मार्चमध्ये राजगडावरून निघाले आणि औरंगाबादमार्गे गेले. तिथल्या मोगल अधिकाऱ्याने सामोरं यायला टाळाटाळ केली, तो प्रसंग मोगलांच्या चाकरीतल्या भीमसेन सक्सेनाने लिहून ठेवलाय. नाशिक-चांदवडहून गेल्याचा पुरावा असेल तर दाखवा. मोगल काळात आग्र्याचा मोठा व्यापारी रस्ता सुरत-बऱ्हाणपूरवरून जायचा. मुंबई ते आग्रा हा सलग रस्ता इंग्रजी अमदानीतला. त्याआधी घाटवाटा होत्या, बाजारपेठा जोडणारे तुकडे होते आणि होळकरांच्या फौजा होत्या. एवढा खरा इतिहास हाताशी असताना खोट्या कमानी कशाला?

चांदवडी

खोट्या म्हणजे? तुम्ही महाराजांच्या नावाला खोटं म्हणताय का? शब्द जपून वापरा. परतीची वाट तर कुणालाच नक्की ठाऊक नाही, मग या वाटेने आलेच नाहीत हे तुम्ही कशावरून सांगता?

बखरवाचक

महाराजांना कुणी काही म्हटलेलं नाही, ते माझ्या तोंडी घालू नका. परतीची वाट नक्की नाही म्हणून ती आपल्या दारावरून काढायची हे मला पटत नाही. तुमच्या गावात अहिल्याबाईंचा रंगमहाल उभा आहे. राहूड घाट चढून आलेला माणूस मुक्कामाला थांबावा असं ते ठाणं. पुढे मालेगावला पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांचा किल्ला, ज्याला १८१८ साली इंग्रजांनी वेढा घातला. या दोन जागांवर रस्त्यावरून दिसतील असे धड फलक आहेत का, ते सांगा.

चांदवडी

नाहीत. रंगमहालाच्या पाटीला झाडोऱ्याने झाकलंय. तेवढं तुमचं बरोबर. बाकीचं मान्य नाही.

ओझरचा_बागायतदार

तुमचा दगड, विहिरी, कमानी सगळं वाचलं. आता शेतकऱ्याचं ऐका. या रस्त्याने आमच्या घरातून तीनदा जमीन घेतली. आजोबांच्या वेळी पट्टा गेला, वडिलांच्या वेळी चौपदरीकरणात गेला आणि माझ्या वेळी सर्व्हिस रोडला. शेवटच्या वेळी लागती बाग होती, थॉमसन द्राक्षांची. मोजणीला आलेल्या माणसाने वेली मोजल्या, खांब-तारा मोजल्या, आणि कागदावर आलं ते निम्मंसुद्धा नव्हतं. २०१३ च्या कायद्यातला वाढीव मोबदला महामार्गाच्या जमिनींना लागू झाला १ जानेवारी २०१५ पासून. आमचा निवाडा त्याच्या आधीचा. पुढे समृद्धी महामार्गाला जमिनी देणाऱ्यांचे आकडे ऐकले तेव्हा वडिलांनी आठवडाभर पेपर हातात धरला नाही.

आता तुम्ही म्हणताय दगड जागेवर ठेवा, वड जागेवर ठेवा. म्हणजे रस्ता तिकडे न सरकता पुन्हा माझ्याकडे सरकणार. स्मारक शहरवाल्यांचं आणि एकर आमचे. हे चालणार नाही.

वडाची_पारंबी

दादा, तुमच्यावर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं. पण तो वडाने केलेला नाही. आडगावपासून पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंनी वड होते, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. मे महिन्यात स्कूटरवरून जाताना अंगावरचं ऊन एकदम उतरायचं. ते सगळं चार-दोन वर्षांत आडवं झालं. बदल्यात लावलेल्या रोपांचे पिंजरे मी स्वतः जाऊन पाहिलेत, आत गवत. कुंभाच्या साधुग्रामासाठी तोडायला निघालेल्या तपोवनातल्या झाडांसाठी आम्ही थंडीत उभे राहिलो ते याच अनुभवामुळे. ‘एकाच्या बदल्यात दहा लावू’ या वाक्यावर आता नाशिकचा विश्वास उरलेला नाही.

लतीफवाडी_ते_द्वारका

पारंबीताई, त्या वडांना धडकून किती मेले तेही सांगा. रस्त्याला खेटून बुंधा, त्याला पांढरा-लाल पट्टा, आणि रात्री समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे. माझ्या डोळ्यांदेखत जीप आदळलेली आहे.

वडाची_पारंबी

मग बुंधा दुभाजकात घ्या, रस्ता दोन्ही बाजूंनी न्या. जगात जमतं ते इथे का नाही? आणि रात्री दीपवणारे दिवे वडाने लावलेत का?

ओझरचा_बागायतदार

“दोन्ही बाजूंनी न्या.” घ्या! म्हणजे परत आमचीच जमीन! अहो, बोलण्याआधी एकदा सातबारा हातात घेऊन बघा.

आणि वडाचं प्रेम आम्हाला शिकवू नका. आमच्या बांधावरच्या वडाला आजीने पन्नास वर्षं दोरा गुंडाळला. तोडायच्या दिवशी ती ओट्यावरून उठून घरात गेली आणि दार लावून घेतलं. करवतीचा आवाज संध्याकाळपर्यंत चालला. झाडाचा मोबदला तर आमच्या नावावर आलाच नाही, कारण मोजणीत झाड रस्त्याच्या हद्दीत निघालं. सावली आमची, पूजा आमची, हद्द सरकारची.

वडाची_पारंबी

हे मला माहीत नव्हतं. दादा, मघाशी आवाज चढला, माफ करा.

तरी एक सांगते. वडाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाला रोवली तर लागते. तुमच्या वडाची एखादी फांदी कुणी ठेवली होती का?

ओझरचा_बागायतदार

विहिरीवर लावलीय. आता दोन पुरुष उंच आहे.

गटचालक

विषय रस्त्याच्या खुणांचा आहे. जमिनीच्या मोबदल्यावर स्वतंत्र धागा काढा, तो महत्त्वाचा आहे. वैयक्तिक शेरे काढून टाकले आहेत.

पंचवटीकरीण

मोबदल्याचा विषय वेगळा काढू नये असं मला वाटतं. बागायतदार दादांचं वाचून माझ्या मागणीत एक दुरुस्ती करते. खुणा जपण्यासाठी एक गुंठाही नवी जमीन घेऊ नये. आहे त्या हद्दीत जे बसतं तेवढंच. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, माझ्या लक्षात आलं नाही.

पण तेवढ्यातही पुष्कळ बसतं. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, आठेक किलोमीटरचा बोगदा झाला. ज्याला घाई आहे त्याला कसारा घाट टाळता येतो. मग जुन्या घाटाला थोडा श्वास घेऊ द्या. शहरात २०१३ पासून सगळी पळापळ उड्डाणपुलावर गेली, खालचा रस्ता कोणता होता हे द्वारका चौकात उभ्या राहिलेल्या पोरांना सांगता येत नाही. गावातला जुना आग्रा रोड तर अशोक स्तंभाकडून जातो, आणि मुलांना वाटतं ते नुसतं पत्त्यातलं नाव आहे. महामार्गाचा आकडासुद्धा गेला. आपण ज्याला जन्मभर ‘तीन नंबर’ म्हटलं तो आकडा २०१० च्या नव्या क्रमांकांत अटारी-लेह रस्त्याला मिळाला. धुळ्याकडचा आपला रस्ता आता ६०. नाव, आकडा, झाडं, दगड, सगळं एका पिढीत पुसलं गेलं तर उरतं काय?

जागेवर राहिलेली वस्तू कामाची असते, याचा पुरावा आपल्याच नदीवर आहे. होळकर पूल, पूर्वीचा व्हिक्टोरिया. दर पावसाळ्यात सगळं नाशिक विचारतं, “होळकर पुलाखालून किती क्युसेक?” तो पूल कुणी संग्रहालयात नेला नाही. वापरात राहिला म्हणून जपला गेला.

लतीफवाडी_ते_द्वारका

समृद्धीचा टोल तुम्ही भरणार का? माझ्यासारखे टेम्पोवाले अजून घाटानेच जातात. श्वास कुठला घ्यायचा? तुमचं हे वाक्य घरात बसून लिहिलेलं आहे.

पंचवटीकरीण

टोलचं मान्य. छोट्या गाडीवाल्यांचा हिशेब मी केला नव्हता. तरी कारवाले कमी झाले की घाटातली गर्दी थोडी तरी घटणारच.

इगतपुरीकर

घाटातल्या बारवेचं कुणीच काढलं नाही. अहिल्याबाईंच्या नावाने सांगतात ती, वरून टोपली पालथी घातल्यासारखं दगडी छत असलेली. छताला झरोके आहेत, आत वाकून पाहिलं की पाण्यावर उजेडाचे कवडसे हलताना दिसतात. बाहेर मात्र प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच. आम्ही आठ-दहा जण घाटनदेवीच्या दर्शनाला जाताना पोती भरून कचरा काढतो, पुढच्या महिन्यात तेवढाच परत.

लतीफवाडी_ते_द्वारका

ती बारव मला माहीत आहे. वडील ट्रकवर होते तेव्हा मी क्लीनर म्हणून जायचो, बारा-तेरा वर्षांचा. घाट चढून इंजिन तापलं की गाडी बाजूला लावायची, चाकाला दगड द्यायचा आणि मी डबा घेऊन पाण्याला पळायचो. रेडिएटरला आधी ओतायचं, मग आपण प्यायचं. वडील उतरताना चप्पल गाडीतच ठेवायचे. का ठेवता असं मी कधी विचारलं नाही.

ती विहीर नीट करत असाल तर माझी ना नाही. पण माझी अट आहे. त्याच्या शेजारीच घाटात गेलेल्यांसाठीही एक दगड लागला पाहिजे. नावं नसली तरी चालतील. वाटसरूचं पुण्य म्हणता ना, मग मेलेला ड्रायव्हर पण वाटसरूच होता.

बखरवाचक

याला माझा पूर्ण पाठिंबा. अर्जात हे पहिल्या क्रमांकावर घ्या. आणि विहिरीच्या फलकावर ‘अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाणारी’ असंच लिहा, बांधल्याचं साल मनाने घालू नका.

चांदवडी

रंगमहालाच्या पाटीजवळचा झाडोरा आम्ही रविवारी काढतो. बखरवाचक, तुम्ही येणार असाल तर या. वाद तिथे पुढे चालू ठेवू.

पंचवटीकरीण

अर्जाचा मसुदा मी आज रात्री लिहिते. कसारा घाटातली बारव, तिच्याशेजारी घाटात गेलेल्यांचा दगड, होळकर पूल, रंगमहाल, मालेगावचा किल्ला आणि जे सापडतील ते मैलाचे दगड. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत: नवी जमीन नको. वडाळीभोईच्या पंक्चरवाल्या पोराशीही बोलणार आहे. त्याला रिम ठोकायला लोखंडी तुकडा मी आणून देईन, तो दगड उभा करायला मदत करेल असं वाटतं. आणखी कुणाकडे दगड असेल तर कळवा.

ओझरचा_बागायतदार

मसुद्यात ‘नवी जमीन नको’ असेल तर माझी सही धरा. मोबदल्यावरचा धागा मी वेगळा काढणारच आहे, तिथे तुम्ही सगळे या. तिथे नाही आलात तर इथली सही मागे घेईन.

आणि एक दगड माझ्याकडे आहे. मोजणीच्या वेळी मुरमाच्या ढिगाऱ्यात चालला होता, वडिलांनी बैलगाडीत घालून आणला आणि विहिरीवर त्या वडाच्या फांदीला टेकू म्हणून लावला. आता झाडाने त्याला मुळात धरलंय, ओढून काढला तर दोन्ही जातील. अंक मातीकडच्या बाजूला आहेत. उद्या सकाळी माती उकरून फोटो टाकतो. नोंद करा, फलक लावायला या, चहा घ्या. दगड मात्र तिथून हलणार नाही.